एका घटकेची मुदत

प्रति,
होस्टिंग कंपन्यांत, संस्थांच्या कचेऱ्यांत, कॉलेजांच्या लॅबमध्ये आणि पतसंस्थांच्या मुख्यालयांत सर्व्हर सांभाळणारे समस्त सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर यांस,



पत्राचं कारण तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पीएचपीमायॲडमिनमध्ये लॉगिन केलेला माणूस किती वेळ स्वस्थ बसला की त्याला बाहेर काढायचं, एवढाच मुद्दा आहे. मूळ सेटिंगमध्ये ही मुदत १४४० सेकंदांची असते, म्हणजे २४ मिनिटांची. तुमच्यापैकी पुष्कळांनी या आकड्याला कधी हात लावलेला नाही. ज्यांनी लावला त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो एकदम वर्षभराचा करून टाकला. मला या दोन्ही मंडळींशी भांडायचंय. माझं पोट तुमच्या सर्व्हरवर चालतं, तेव्हा भांडण जपूनच करीन.

२४ मिनिटं म्हणजे बरोबर एक घटका. पूर्वी लग्नामुंजीत मुहूर्त साधायला पाण्याच्या घंगाळात तळाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटका झाली. अशा ६० घटकांचा दिवस. पीएचपी लिहिणाऱ्यांना आपलं घटिकापात्र ठाऊक असण्याचं कारण नाही, पण माप नेमकं तेच पडलं. फरक इतकाच, की त्या वाटीशेजारी डोळ्यांत तेल घालून बसलेला एक माणूस असे आणि वाटी बुडाली की तो ओरडून सांगे. इथे आपली वाटी बुडाल्याचं कळतं ते काम करायला परत आल्यावर.

हा आकडा आला कुठून, तर पीएचपीच्या 'सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम' या सेटिंगची मूळ किंमत १४४० आहे, आणि पीएचपीमायॲडमिनच्या 'लॉगिनकुकीव्हॅलिडिटी'ची मूळ किंमतही तीच ठेवलेली आहे. दिवसात मिनिटं १४४० असतात. त्यामुळे हा आकडा पाहून 'दिवसभराची मुदत आहे की' असं म्हणणारे लोक मला भेटलेत. चांगले जाणते लोक. सेटिंग मिनिटांत नसून सेकंदांत आहे, हे त्यांना पहिल्यांदा बाहेर फेकलं गेल्यावरच कळलं.

आता हा आकडा कोणाच्या उपयोगाचा आहे ते पाहू. कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्यांना लागू असलेलं पीसीआय डीएसएस हे मानक सांगतं, की १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ हालचाल नसेल तर माणसाची ओळख पुन्हा पटवून घ्या. त्यांच्या हिशेबाने २४ मिनिटं जास्तच झाली. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ साली काढलेली मार्गदर्शिका मधल्या पातळीच्या सुरक्षेसाठी ३० मिनिटं निष्क्रियता आणि एकूण १२ तास अशी मर्यादा घालत होती. सर्वांत कडक पातळीला निष्क्रियतेची १५ मिनिटं. तिथेही २४ बसत नाही. आणि खुद्द मायएसक्यूएल? त्याच्या 'वेट_टाइमआउट'ची मूळ किंमत २८८०० सेकंद आहे. म्हणजे ज्याच्या दारात आपण उभे, तो डेटाबेस गप्प बसलेल्या जोडणीची आठ तास वाट पाहायला तयार आहे. घाई आहे ती दारावरच्या द्वारपालाला. बँकेला हा आकडा मोठा पडतो आणि वाचनालयाला लहान. कोणी विचार करून आपल्यासाठी ठरवला, असा हा आकडाच नाही. ठरवण्याचं काम तुमचं होतं.

वाचनालय उगाच आठवलं नाही. मी छोट्या संस्थांच्या डेटाबेसची डागडुजी करतो. तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्यांचं सॉफ्टवेअर कोणा हुशार मुलाने पीएचपीत लिहून दिलं. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि दुरुस्तीच्या स्क्रीन लिहायच्या राहून गेल्या. त्यामुळे ग्रंथपालबाई पीएचपीमायॲडमिन उघडून थेट टेबलातच दुरुस्त्या करतात. टेबलात असा हात घालू नये, हे मलाही माहीत आहे आणि बाईंनाही मी ते सांगितलंय. पण दुसरी सोय नाही, पैसे नाहीत आणि काम तर व्हायला हवं. महाराष्ट्रातल्या शेकडो संस्थांत हेच चालतं. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी मार्चअखेरीला कुठल्याही तालुक्याच्या गावी चक्कर मारावी.

बाईंचं काम कसं चालतं ते जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. एकाच लेखकाची नोंद चार तऱ्हांनी झालेली असते. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे' मधल्या जागा गाळून, 'देशपांडे पु. ल.' आडनाव आधी घालून, आणि कोणीतरी घाईत इंग्रजी लिपीत. मग त्या दाखल नोंदवही काढतात, धूळ झटकतात, पुस्तकाचा दाखल क्रमांक शोधतात. नोंदवहीत शाई पसरलेली असली तर कपाटापर्यंत जाऊन प्रत्यक्ष पुस्तकाचं शीर्षकपान उघडून बघतात. तेवढ्यात एक आजोबा मासिक बदलायला येतात, त्यांच्याशी चार शब्द बोलणं भागच असतं. परत खुर्चीत येऊन योग्य नाव टाइप करतात, 'गो' दाबतात आणि स्क्रीनवर लॉगिनचं पान येतं. वर एक ओळ, १४४० सेकंदांत हालचाल झाली नाही, पुन्हा लॉगिन करा, अशा अर्थाची.

"सर, मी तर कामच करत होते," बाई म्हणाल्या. खरंच करत होत्या. फक्त कीबोर्डवर करत नव्हत्या. नव्या आवृत्त्या इतपत समजूतदार आहेत, की उघड्या पानावर माउस हलला किंवा कळ दाबली गेली तरी माणूस जिवंत आहे असं धरतात. पण नोंदवही चाळणं, पुस्तक शोधणं, फोनवर खातेदाराचा नंबर पडताळून घेणं यातलं काहीच ब्राउझरला दिसत नाही. डेटा दुरुस्त करणाऱ्याचा निम्म्याहून अधिक वेळ कागदावर जातो. तुमच्या लेखी तो वेळ गैरहजेरीचा.

मी बाईंच्या वतीने सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन केला. तोही तुमच्यापैकीच एक, तेव्हा नाव-गाव सांगत नाही. त्याचं उत्तर एका वाक्याचं होतं: "सिक्युरिटीसाठी आहे सर ते, बदलता येत नाही." बदलता येतं हे तर झालंच, पण सुरक्षेचं म्हणाल तर त्याच सर्व्हरवर पीएचपीमायॲडमिन त्याच्या नेहमीच्या, साऱ्या जगाला पाठ असलेल्या पत्त्यावर उघडं पडलं होतं. रूटने लॉगिन करायला मज्जाव नव्हता. साइट साध्या एचटीटीपीवर, म्हणजे पासवर्ड वाटेत कोणीही वाचावा. आणि बाईंना दिवसातून सतरा वेळा पासवर्ड टाकावा लागतो म्हणून त्यांनी तो कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलेला. चारही बाजूंची दारं सताड उघडी आणि सुरक्षा कशाची, तर मधल्या खोलीतल्या माणसाला दर २४ मिनिटांनी उठवण्याची.

माझं पहिलं म्हणणं हे आहे. आखूड मुदत फुकट नसते. तिची किंमत काम करणारा माणूस भरतो आणि ती वसूल करायच्या त्याच्या स्वतःच्या वाटा असतात. पासवर्ड छोटा ठेवायचा, ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगायचा, नोटपॅडमध्ये डकवायचा. पान आपोआप ताजं करत राहणारं एक्स्टेन्शन टाकायचं. हे मी एका ठिकाणी सर्रास पाहिलं. तिथे टॅब रात्रभर उघडा आणि सेशन रात्रभर जिवंत. तुमच्या कागदोपत्री मुदत २४ मिनिटं, प्रत्यक्षात अमर्याद.

आता दुसऱ्या मंडळींकडे वळतो, ज्यांनी वैतागून आकडा ३,१५,३६,००० केला. वर्षाचे सेकंद. अशी एक फाइल मी उघडून पाहिली आहे; वर टिप्पणीत मोठ्या अक्षरांत 'कटकट बंद' असं लिहिलेलं होतं. तो संगणक स्वागतकक्षात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी. लॉगिन होतं ते सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याचं. दुपारी जेवायला उठताना स्क्रीन लॉक करण्याची तिथे पद्धत नव्हती. मायएसक्यूएलमध्ये टेबल 'ड्रॉप' केलं की ते ट्रान्झॅक्शन लगेच पक्कं होतं, 'रोलबॅक' म्हणून परत आणता येत नाही. पीएचपीमायॲडमिन तुम्हाला एकदा 'नक्की का?' विचारतं, तेवढंच. खातेदारासोबत आलेल्या खेळकर नातवालाही 'ओके' कुठे दाबायचं ते कळतं.

मुदत वाढवायचीच असेल तर आधी हे पाहा, की तो संगणक कुणाच्या हाताला लागतो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी झॅम्प वापरतो. त्यात पीएचपीमायॲडमिन 'कॉन्फिग' पद्धतीने येतं. लॉगिनचं पानच नाही, रूटला पासवर्डही नाही, आणि अपाची फक्त त्याच यंत्रावरून आलेल्याला आत घेतो. तिथे मुदतीचा प्रश्नच उद्भवत नाही आणि उद्भवूही नये. घरात एकट्यानेच राहणाऱ्याने न्हाणीघराला कडी किती वेळा लावावी, हे दुसऱ्याने सांगायची गरज नाही. पण तोच माणूस तीच सवय घेऊन सार्वजनिक सर्व्हरवर जातो, तेव्हा तुम्ही मध्ये उभं राहायला हवं.

हे अवजार जन्मलं तेव्हा ते असंच घरगुती होतं. टोबियास रॅट्शिलर यांनी १९९८ मध्ये ते लिहायला घेतलं, पेटर कुपेलवीझर यांच्या मायएसक्यूएल-वेबॲडमिनवरून कल्पना घेऊन. २००० साली वेळ मिळेना म्हणून त्यांनी काम थांबवलं. २००१ मध्ये ऑलिव्हिए म्युलर, मार्क डेलील आणि लोइक शापो यांनी ते उचललं. त्यानंतर ते जगभरच्या होस्टिंगच्या नियंत्रणफलकांवर जाऊन बसलं आणि ज्या लोकांनी कधी क्वेरी लिहिली नाही, त्यांच्याही हाती आलं. ज्या सेटिंगांचा वापर करणारा आणि सांभाळणारा एकच माणूस असेल असं धरलं होतं, त्या सेटिंगांचे आज दोन मालक झालेत. एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याकडे चावी आहे.

चावी फिरवतानाही पुष्कळ जण अर्धीच फिरवतात. इथे थोडं तपशिलात जातो. माझे निम्मे फोन यावरच येतात.

इंटरनेटवर फिरणारा सल्ला असा: पीएचपीमायॲडमिनच्या 'कॉन्फिग.इन्क.पीएचपी' फाइलीत 'लॉगिनकुकीव्हॅलिडिटी'ला हवा तो आकडा द्या. दिला. मग मुखपृष्ठावर तळाशी एक इशारा उमटतो, की पीएचपीची 'जीसी_मॅक्सलाइफटाइम' यापेक्षा कमी आहे, तेव्हा तुमचं लॉगिन लवकर संपू शकतं. इशारा अगदी खरा आहे. पीएचपीमायॲडमिन आपल्या घड्याळाने माणसाला आत ठेवायला तयार असतं, पण माणसाची सगळी ओळख ज्या सेशनच्या फाइलीत असते, ती फाइल पुसणारा वेगळाच आहे. तो पीएचपीचा सफाईवाला. त्याच्या लेखी १४४० सेकंद न हललेली फाइल म्हणजे कचरा.

आणि हा सफाईवाला वेळेवर येत नाही. पीएचपी मूळ स्वरूपात दर विनंतीला फासा टाकतं. शंभरात एकदा, आणि पीएचपीसोबत मिळणाऱ्या नमुना फायलींतल्या आकड्यांप्रमाणे हजारात एकदा झाडू फिरतो. म्हणजे ज्या सर्व्हरवर वर्दळ कमी, तिथे फाइल तासन्तास पडून राहील. वर्दळ जास्त, तर घटका भरताच जाईल. 'कधी राहतं, कधी जातं, काही नेम नाही' ही तक्रार तुम्ही वापरकर्त्याच्या अडाणीपणावर ढकलता, तिचं कारण इथे आहे. त्याहून बेरकी गोष्ट अशी, की एकाच सर्व्हरवरच्या दहा साइट जर सेशनच्या फायली एकाच डिरेक्टरीत ठेवत असतील, तर ज्या साइटची मुदत सर्वांत कमी, तिचाच झाडू सगळ्यांच्या फायलींवर फिरतो. तुम्ही पीएचपीमायॲडमिनला चार तास दिलेत आणि शेजारच्या कुठल्याशा फॉर्म भरायच्या साइटने दहा मिनिटं लावली असतील, तर तुमचे चार तास कागदावरच. पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, पण पुस्तिका कोण वाचतो?

डेबियन आणि उबुंटूवर तर वेगळाच मामला. तिथे फाशाची शक्यता शून्यावर ठेवलेली असते आणि सफाई दर तासाच्या ९ व्या आणि ३९ व्या मिनिटाला एक स्वतंत्र स्क्रिप्ट करते. ती मुदत वाचते 'पीएचपी.आयएनआय' या फाइलीतून. त्यामुळे इंटरनेटवरचा दुसरा लाडका सल्ला, म्हणजे 'कॉन्फिग.इन्क.पीएचपी'मध्येच 'आयएनआय_सेट' वापरून पीएचपीची मुदत वाढवा, हा तिथे फसतो. इशारा दिसेनासा होतो, कारण पीएचपीमायॲडमिनला आता दोन्ही आकडे जुळलेले दिसतात. स्क्रिप्टला मात्र त्या ओळीचा पत्ताच नाही. ती येते आणि जुन्या आकड्याप्रमाणे झाडून जाते. आजार तसाच, फक्त ताप मोजायचं यंत्र फोडलं. मला हा प्रकार सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यानंतर वापरकर्ता तक्रार करतो तेव्हा तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणता, "मी तर वाढवून दिलंय."

मग नीट कसं वाढवायचं? आकडा 'पीएचपी.आयएनआय'मध्ये, किंवा पीएचपी-एफपीएम वापरत असाल तर पीएचपीमायॲडमिनचा वेगळा पूल करून त्यात वाढवा. आणि तोच आकडा 'लॉगिनकुकीव्हॅलिडिटी'ला द्या. पूलमधला आकडा झाडणाऱ्या स्क्रिप्टला दिसेलच असं धरून चालू नका. त्यासाठी पीएचपीमायॲडमिनच्या सेशन फायली 'सेशनसेव्हपाथ' या सेटिंगने स्वतःच्या डिरेक्टरीत हलवा, म्हणजे शेजाऱ्यांचा झाडू तिथे पोचत नाही. मात्र मग त्या डिरेक्टरीची सफाईही तुमच्याच गळ्यात. डेबियनवर ती आपोआप होणार नाही, क्रॉनमध्ये एक ओळ घालावी लागेल. ती विसरलात तर जुन्या सेशनच्या फायलींचा ढीग साचतो, आणि जुनी सेशन म्हणजे नुसता कचरा नव्हे. लॉगिन ब्राउझर बंद केल्यावरही टिकवणारं 'लॉगिनकुकीस्टोअर' हे सेटिंग मात्र शून्यावरच राहू द्या. दुपारी चहाला उठलेल्याची गैरसोय दूर करायची आहे, संध्याकाळी घरी गेलेल्याची नाही.

आणि आकडा किती? नोंदवहीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, आणि कचेरीच्या जाळ्यातूनच पोचता येत असेल तर, मी १४४०० म्हणेन. चार तास. सकाळी बसलेला माणूस काम करत राहिला, तर दिवसातून बहुधा एकदाच पासवर्ड टाकेल. जिथे पैशाच्या खात्यांची टेबलं आहेत, तिथे १५ मिनिटंच ठेवा आणि तसं लोकांना तोंडावर सांगा. आणि जिथे बाहेरच्या जगातून कोणीही लॉगिनच्या पानापर्यंत येऊ शकतो, तिथे मुदतीचा विचार नंतर. आधी ते पान झाका. व्हीपीएन लावा किंवा ठराविक आयपी पत्त्यांनाच आत घ्या. एचटीटीपीएस लावा, रूटचं लॉगिन बंद करा. ग्रंथपालबाईंना पुस्तकांच्या टेबलात वाचण्या-दुरुस्त करण्यापुरता वापरकर्ता करून द्या, ज्याला 'ड्रॉप' शब्दच येत नाही. दुहेरी पडताळणी पीएचपीमायॲडमिनमध्ये ४.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे. हे सगळं केलंत, की चार तासांच्या मुदतीने आभाळ कोसळत नाही. यातलं काहीच न करता २४ मिनिटांना चिकटून राहिलात, तर त्या २४ मिनिटांत काय काय होऊ शकतं याची यादी मला इथे उघडपणे द्यायची नाही.

'उद्या काही झालं तर जबाबदार कोण?' हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. तो खरा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो बोजा संस्थेवर असला तरी चौकशीला पहिला फोन तुम्हालाच येणार. पण वाजवी म्हणजे काय, याचा विचार तुम्ही केला होता असं दाखवता यायला हवं. 'डिफॉल्ट होतं ते ठेवलं' हे उत्तर त्या वेळी फार केविलवाणं वाटेल. 'अमुक कामासाठी, अमुक जाळ्यातून, अमुक अधिकारांच्या वापरकर्त्याला चार तास दिले, कारण हे' अशी पाच ओळींची नोंद वहीत असली, तर ते उत्तर माणसाचं वाटतं.

एक गोष्ट मुदतीच्या लांबीपेक्षाही महत्त्वाची आहे. मुदत संपण्याआधी सांगणं. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून डब्ल्यूथ्रीसीने २००८ मध्ये केलेल्या निकषांत, अगदी सर्वांत खालच्या पातळीवर, ही अपेक्षा आहे: वेळेची मर्यादा घालणार असाल तर ती बंद करता यावी, किंवा निदान दहापट वाढवता यावी, किंवा संपण्याआधी इशारा देऊन निदान २० सेकंद तरी द्यावेत आणि एखादी साधी कळ दाबून मुदत वाढवता यावी, तीही निदान दहा वेळा. ही मेहेरबानी नाही. स्क्रीनरीडरवर ऐकून काम करणाऱ्याला, एका बोटाने टाइप करणाऱ्याला, कंपवात असलेल्याला त्याच चौकटीत काम करायला आपल्याहून जास्त वेळ लागतो, आणि २४ मिनिटं त्याच्यासाठी २४ नसतात. याच निकषांच्या वरच्या पातळीवर म्हटलंय, की पुन्हा लॉगिन केल्यावर आधीचं काम जसंच्या तसं पुढे चालू झालं पाहिजे. पीएचपीमायॲडमिनच्या नव्या आवृत्त्या या दिशेने सरकल्या आहेत. लॉगिनची चौकट उघड्या पानावरच येते आणि अर्धवट लिहिलेली क्वेरी ब्राउझरमध्ये जपलेली सापडते. पण तुमच्यापैकी किती जण नव्या आवृत्त्या लावतात? ज्या वाचनालयाचं सांगितलं, तिथली आवृत्ती इतकी जुनी होती, की ती चालवण्यासाठी पीएचपीही जुनंच ठेवलेलं होतं. म्हणजे गैरसोय जुनी आणि भोकंही जुनी.

शेजारच्या घरी काय चालतं तेही पाहा. पोस्टग्रेसवाल्यांच्या पीजीॲडमिनमध्ये निष्क्रियतेची मुदत मूळ सेटिंगमध्ये शून्य, म्हणजे बंद असते. कोणी ती चालू केलीच, तरी एखादी लांबलचक क्वेरी चालू असताना माणसाला बाहेर काढायचं नाही, अशी सोय आपोआप चालू असते. कोणीतरी तिथे बसून विचार केलेला दिसतो, की माणूस गप्प आहे म्हणजे काम थांबलंय असं नाही. याकुब व्राना यांच्या ॲडमिनरमध्ये 'कायमचं लॉगिन' अशी खूण लॉगिनच्या पानावरच असते, निर्णय वापरणाऱ्यावर. मला ते जरा सैल वाटतं, सार्वजनिक यंत्रावर तर नकोच. पण प्रश्न विचारलेला तरी असतो.

पीएचपीमायॲडमिनमध्येही वापरकर्त्याला आपल्यापुरती मुदत बदलता येते; सेटिंगांच्या पानावर ती चौकट आहे. फक्त त्यासाठी तुम्ही पीएचपीमायॲडमिनची स्वतःची साठवणीची टेबलं उभी केलेली असावी लागतात, नाहीतर ती निवड फार टिकत नाही, आणि पीएचपीचा आकडा वाढवलेला नसेल तर तिचा उपयोगही नाही. ही मोकळीक द्यायची नसेल तर तीही बंद करता येते. द्या किंवा देऊ नका, पण निवड करा. बाईंनी त्या चौकटीत ७२०० लिहून पाहिलं होतं. दोन दिवस त्यांना वाटलं, की आपणच काही चुकतोय.

आता कामाचं शेवटचं. डेबियनवर पीएचपीच्या दर आवृत्तीची 'पीएचपी.आयएनआय' वेगळ्या डिरेक्टरीत असते. तुम्ही ८.१ वरून ८.३ वर जाल, तेव्हा नव्या फाइलीत पुन्हा १४४० असेल आणि जुना आकडा आपणहून तिकडे जाणार नाही. सर्व्हरच्या देखभालीची जी वही किंवा फाइल तुम्ही ठेवता, तिच्यात अपग्रेडनंतर करायच्या कामांत ही ओळ आजच घाला, पीएचपीमायॲडमिनच्या फाइलीतला आकडा आणि हा आकडा जुळतात का ते तपासायची. वही ठेवत नसाल, तर आधी वही घ्या.



आपला,
तुमच्या सर्व्हरवर पोट असलेला एक डेटाबेसवाला